उघड्या डोळ्यांची ओंदिना

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. माझ्या नेविओच्या मिशीची शपथ! खोटं बोलत असेन तर माझ्या हातची पोलेंता जन्मात कधी घट्ट होऊ नये, ताटात नुसतं मक्याचं पिवळं पाणी यावं. ऐकायचं तर ऐका, पण मध्येच "काहीतरीच काय आजी" म्हणायचं नाही.

तर, मला फोटोत डोळे उघडे ठेवता येत नाहीत. एरवी माझे डोळे असे की दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या दोरीवर काय वाळतंय ते इथून सांगीन. पण समोर कॅमेरा आला की पापण्या धाडकन खाली, दुकानाचं शटर पडावं तशा. लग्नाच्या फोटोत नेविओ हसतोय, पाद्री हसतोय, पाद्र्याचं कुत्रंसुद्धा कॅमेऱ्याकडे बघतंय, आणि नवरी झोपलेली. लोरिसच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत दूधपितं पोर टक्क जागं आणि त्याची आई निजलेली. ओळखपत्रासाठी फोटो घेऊन गेले, तर खिडकीतला माणूस फोटो बघून हळूच म्हणतो, "बाई, कार्ड फक्त हयात माणसांना मिळतं हो."

"मग तुझ्यासमोर कोण उभंय?" म्हटलं. तेव्हा कुठे शिक्का मारला मेल्यानं.

इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. पण आमच्याकडे थडग्यावर फोटो लागतो. अंड्याच्या आकाराचा, चिनी मातीवर भाजलेला, ऊनपावसात न उडणारा. माझ्या नेविओचा काय सुरेख आहे! मिशीला पीळ, एक भुवई वर, जणू आत्ता म्हणेल, "ओंदिना, कॉफी टाकतेस का?" त्याच्या शेजारी माझी जागा. नाव कोरून झालंय, जन्मसाल कोरून झालंय, आणि फोटोच्या जागी नुसता रिकामा खळगा.

पुढच्याच ओळीत आमच्या आर्जिया वन्सं. नेविओची थोरली बहीण. अहो नाही, गेल्या नाहीत, चांगल्या ठणठणीत आहेत! पण नवऱ्याच्या दगडावर स्वतःचा फोटो त्यांनी कधीच लावून ठेवलाय. ऐन तिशीतला, केस सेट केलेले, गळ्यात मोती, आणि डोळे असे मोठ्ठे. दर रविवारी फडकं घेऊन येतात आणि नवऱ्याच्या आधी स्वतःला पुसतात.

त्या रविवारी मी फुलं ठेवत होते. मागून वन्संचा आवाज आला.

"वहिनी, तुझ्या त्या खळग्यात पावसाचं पाणी साठतं गं. चिमण्या आंघोळी करतात."

"करू देत की. नेविओला चिमण्या आवडायच्या."

"तसं नव्हे. मला आपली तुझी काळजी वाटते. तुझा एक तरी धड फोटो आहे का? उद्या तिथे तुझा फोटो लागला, तर लोक म्हणतील, बिचारी फोटो काढायच्या आधीच गेली!"

आणि हसल्या. बाजूच्या दोघी बायकाही हसल्या. आमची सून मिरेल्ला पाण्याची झारी घेऊन मागेच उभी होती. ती हसली नाही, पण बोललीही नाही. ती मुळातच मोजकं बोलते. मला वाटायचं, हिच्या तोंडाला मीटर लावलाय.

मी घरी आले आणि लोरिसला सांगितलं, "सुट्टीला कुठे न्यायचं तिथे ने. पण तुझा तो मोठा कॅमेरा घे. यंदा देवळांचे आणि डोंगरांचे फोटो काढायचे नाहीत. माझा काढायचा. उघड्या डोळ्यांचा. नेविओच्या शेजारी लावायचा आहे."

"आई, सुट्टीला निघताना असलं काय बोलतेस!" म्हणून त्यानं खिशात हात घालून लोखंडी किल्ली धरली. आमच्याकडे अशुभ बोललं की लोखंडाला हात लावतात. लोरिस चांगला शिकलेला आहे, पण ती किल्ली कायम खिशात असते.

गेलो गुब्बिओला. आम्ही पो नदीच्या काठची सपाट माणसं, आमच्याकडे चढ म्हणजे पुलावर सायकल चढते तेवढाच. आणि गुब्बिओ म्हणजे डोंगराला टांगलेलं गाव. गल्ल्या इतक्या उभ्या, की वरच्या घरात सूप वाढलं तर खालच्या घरातली माणसं जेवतात. मी बघितलंय. खालची बाई वर बघून ओरडली, "मीठ कमी आहे!"

लोरिस कॅमेरा घेऊन माझ्या मागे. मोठ्या चौकात उभं केलं: डोळे बंद. चर्चच्या दारात: बंद. म्हणाला, "आई, तू आधी मिटून ठेव, मी 'हां' म्हटलं की उघड." मी मिटले, तो "हां" म्हणाला, मी उघडले, आणि त्यानं बोट दाबेपर्यंत परत मिटले. मग तोंडावर हसू आणायला त्यानं मला लहानपणचं गाणं म्हणून दाखवलं. चौकातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे बंद.

मग डोंगरावर निघालो. तिथे वर जायला पिंजरे आहेत, पोपटाचा असतो तसा, फक्त माणसाच्या मापाचा. ते तारेवर चालतच असतात, पळत जाऊन उडी मारून चढायचं आणि उभ्यानं लटकत जायचं. अर्ध्या वाटेत एक ससाणा आला आणि माझ्या पिंजऱ्याच्या काठावर बसला. मी पर्समधलं बदामाचं बिस्किट दिलं. खाल्लं त्यानं. मागच्या पिंजऱ्यातून लोरिसनं फोटो घेतला. हा बघा. ससाण्याचे डोळे उघडे, माझे बंद.

ससाणा फोटोत कुठेय म्हणता? कापला गेलाय. लोरिसला फ्रेम जमत नाही.

मिरेल्ला काय करत होती? दारं. जुन्या दारांचे फोटो काढत होती आपल्या फोनवर. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या. मी म्हटलं, "अगं, सासूकडेही बघ कधी, माझ्याही बिजागऱ्या जुन्याच आहेत." नुसती हसली.

शेवटच्या दिवशी दुपारी क्रेश्या खायला बसलो, तव्यावरची ती जाड भाकरी आणि आत हॅम. लोरिस दमला होता. कॅमेरा टेबलावर आदळून म्हणाला, "आई, एक सांगू? बाकी फोटो छान आलेत. घरी गेल्यावर कॉम्प्युटरवर डोळे चिकटवू."

"कुणाचे?"

"कुणाचेही! मिळतात इंटरनेटवर."

माझा घास तोंडातच राहिला. "म्हणजे तुझ्या बापाच्या शेजारी मी जन्मभर दुसरीचे डोळे घेऊन बसू? आणि तो रोज सकाळी उठून तिच्याकडे बघेल? वाऽ रे पोरा! आणि वन्संना कळल्यावाचून राहील?"

"आई, जन्मभर कुठे? तेव्हा तर तू..."

"पुढे बोलू नकोस! किल्ली धर!"

त्यानं धरली.

मी उठले आणि रागारागानं उतारावरून चालत सुटले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं, संपलं. उद्या घरी. त्या खळग्यात चिमण्याच राहणार.

खाली वळणावर एक दगडी कारंजं आहे, गोल, गल्लीच्या मधोमध. वेड्यांचं कारंजं म्हणतात त्याला. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक जाडजूड बाई बसली होती, मटार सोलत. उबाल्दा तिचं नाव, अस्सल गुब्बिओची.

"काय हो आजी, कुणाशी भांडलात?"

"माझ्या पापण्यांशी."

तिनं पुढे काही विचारलं नाही. अशी माणसं मला आवडतात. मटाराची एक शेंग मला दिली आणि म्हणाली, "मग तुम्ही बरोब्बर ठिकाणी आलात. या कारंज्याभोवती पळत तीन फेरे मारायचे आणि गुब्बिओच्या माणसाकडून अंगावर पाणी घ्यायचं. की झालात तुम्ही वेड्या! कागद मिळतो तसा, शिक्क्यासकट."

"कागद मिळतो? आणि मी इतकी वर्षं बिनकागदाची फिरतेय!"

तेवढ्यात लोरिस आणि मिरेल्ला धापा टाकत आले. मी पर्स मिरेल्लाच्या हातात दिली आणि पदर खोचावा तसा स्कर्ट कमरेला खोचला.

"आई! काय करतेस? लोक बघतायत!"

"बघू देत. त्यांचे डोळे उघडे आहेत, नशीबवान आहेत."

लोरिस लाजून कोपऱ्यावरच्या खांबामागे गेला, कॅमेऱ्यासकट. इतका महागाचा कॅमेरा, आणि ऐन वेळी खांबाचा फोटो काढत होता.

मी सुटले! पहिल्या फेऱ्यात गुडघा कुरकुरला. दुसऱ्यात एक चप्पल उडाली आणि कुठल्याशा सज्ज्यात पडली. तोवर एक अख्खी जर्मन सहल माझ्या मागे पळायला लागली होती, त्यांना वाटलं, सहलीच्या कार्यक्रमातच आहे. त्यांच्या मागे एक नन. तिच्या मागे ससाणा. हो, तोच! बिस्किटाची चव लागली होती त्याला. तिसऱ्या फेऱ्याला वरच्या खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते आणि उबाल्दा मटाराचं पातेलं रिकामं करून कारंज्यात बुडवत होती.

मी थांबले. उबाल्दानं पातेलं उचललं. समोर मिरेल्ला फोन धरून उभी. फोन दिसला आणि माझ्या पापण्या निघाल्या खाली, नेहमीसारख्या. आणि ती माझी मुकी सून, जिचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नाही, ती अशी ओरडली की कबुतरं उडाली:

"आई! माझ्या मागे बघा! आर्जियाआत्या आल्यात!"

काय सांगू तुम्हाला! पाणी तोंडावर आदळलं आणि माझे डोळे टक्क उघडले. पाण्यातून उघडले! म्हटलं, येऊ दे, कुठेय ती, आज बघतेच! हनुवटी वर, खांदे मागे, तोंड उघडं, पहिला शब्द ओठांवर तयार.

टिक.

मागे कुणीच नव्हतं. वन्सं तिकडे गावात आपल्या घरी काकड्यांचं लोणचं घालत होत्या. मिरेल्ला फोन छातीशी धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कार्टे!" मी म्हटलं. "तुला हे कसं सुचलं?"

"त्या दिवशी झारी घेऊन उभी होते ना आई, तेव्हा बघितलं होतं. आत्या बोलायला लागल्या की तुमचे डोळे असे होतात, की पापणी लवत नाही. फक्त त्या समोर हव्यात, इतकंच."

आम्ही तिघांनी फोनवर डोकी घातली. केस डोक्याला चिकटलेले, कानावर मटाराचं साल, स्कर्ट खोचलेला, एक पाय अनवाणी. आणि डोळे! बापरे, ते डोळे! दोन चुली पेटल्यासारखे. राणी लढाईला निघाली की अशी दिसत असेल. मला माझाच इतका अभिमान वाटला, की मी उबाल्दाचा मुका घेतला, ननचा घेतला, एका जर्मनाचाही घेतला.

लोरिसनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "आई, तू अशी दिसतेस?"

"मग तुला काय वाटलं, तुझा बाप झोपलेल्या बाईच्या प्रेमात पडला?"

"ते मटाराचं साल तेवढं पुसू का कॉम्प्युटरवर?"

"हात लाव, मग बघ."

गावात आल्यावर फोटो भाजणाऱ्यानं दोनदा विचारलं, "नक्की हाच? थडग्यासाठी?" डॉन फाउस्तो, आमचे पाद्री, म्हणाले, "ओंदिनाबाई, दफनभूमी गंभीर जागा आहे." मी म्हटलं, "फादर, तिथे सगळे गंभीरच आहेत. एक जण तरी स्वागताला हवं." त्यांना हसू आवरेना. परवानगी दिली म्हणायची.

मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरात, सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन तिथे जमतं. त्या दिवशी नेविओच्या दगडापाशी रांग लागली होती. माणसं मेणबत्ती लावायची आणि माझ्याकडे बघून हसायची. पोरांना उचलून दाखवायची, "ही बघ ओंदिनाआजी, वेडी आहे, कागदोपत्री." नेविओची ती वर गेलेली भुवई आता बरोब्बर माझ्याकडे वळल्यासारखी दिसते. इतकी वर्षं तो रिकाम्या खळग्याकडे बघत होता बिचारा. मिरेल्लाला मी माझ्या शेजारी उभं केलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "फोटो आमच्या सूनबाईनं काढलाय. दारांचे काढते ना, तिनंच." कान लाल झाले तिचे. मात्र ती आरोळी काय होती, ते आम्ही दोघींनी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हीही वन्संना सांगायचं नाही.

मग वन्संही आल्या, हातात फडकं घेऊन. फोटोसमोर उभ्या राहिल्या. आणि ते डोळे बघून त्यांची वाचाच गेली! आठवडाभर तोंडातून शब्द नाही. डॉक्टर आले, जिभेवर मध लावला, काही उपयोग नाही. गावात इतकी शांतता पसरली, की पो नदी वाहताना ऐकू यायला लागली.

बरं बरं, असं बघू नका माझ्याकडे. ससाणा खरा, नन खरी, चप्पल तर अजून त्या सज्ज्यातच आहे. पण वाचा गेल्याचं तेवढं मी रचलं. खरं सांगायचं तर वन्सं बोलल्या. आधी त्यांनी फडक्यानं माझा फोटो पुसला, स्वतःच्या आधी. मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आमच्या नेविओनं तुझ्यात काय बघितलं होतं, ते आज कळलं गं वहिनी."

आणि वाचा गेली होती ती माझी.