मुलींची कुस्ती आणि नऊ मतं

मार्लिस ट्वेटने चाळीस रंगीत तक्ते पडद्यावर दाखवले आणि तरीही ठराव पडला. नऊ कॉलेजांपैकी सहांची मतं हवी होती, मिळाली चार.

ठराव साधाच होता. मुलींची कुस्ती हा मेडोलार्क मंडळाचा अधिकृत खेळ व्हावा. नेब्रास्कातली ही नऊ छोटी कॉलेजं एकमेकांशी खेळतात ती या मंडळाच्या छत्राखाली. वेळापत्रकं, पंच, बर्फात अडकलेल्या बस, रुसलेले प्रशिक्षक, सगळं निस्तरायचं ते मंडळाच्या कमिशनरने. मार्लिसला कमिशनर होऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधी एकवीस वर्षं ती व्हॉलीबॉल शिकवायची. गावोगावच्या शाळांमधून पोरी कुस्ती खेळू लागल्या होत्या, चार कॉलेजांत तर त्या मान्यता नसतानाही हौसेने सराव करत होत्या. हे सगळे आकडे नीट मांडले की काम झालं, अशी तिची समजूत होती.

डेल कुचेरा उठून उभा राहिला तेव्हा ती समजूत गेली. कुचेरा सेंट लुडमिला कॉलेजचा क्रीडासंचालक. वय सहासष्ट, त्यातली एकतीस वर्षं मुलांना कुस्ती शिकवण्यात गेलेली, आणि दोन्ही कान कुस्तीने चुरगळून टाकलेले. तो सावकाश म्हणाला, "कमिशनरबाई, तुमचे तक्ते सुरेख आहेत. पण एकाही तक्त्याला घामाचा वास येत नाही."

सगळे हसले. मार्लिसही हसली, पण तिला तेव्हाच कळलं की मतदान आता उरकायचं एवढंच बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॉर्डन स्टोलीचा फोन आला. गॉर्डन तिच्या आधीचा कमिशनर, बावीस वर्षं त्याने मंडळ चालवलं होतं. त्याच्या काळात ठराव पडत नसत, कारण मतं खिशात आल्याशिवाय तो बैठकच बोलवायचा नाही, आणि मतं खिशात कशी आणायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तिला उपाय सांगितला. मुलांची अजिंक्यपद स्पर्धा दर मार्चमध्ये कुचेराच्या जिममध्ये होते, ती दुसरीकडे हलवतोय असं एक पत्र पाठव. आठवड्याच्या आत तो स्वतः ठराव मांडेल.

मार्लिसने पत्र लिहिलं. चार ओळींचं, चोख. जेवणानंतर सही करण्याआधी तिने ते आपल्या सहकारी ट्रेवा लिंडग्रेनला वाचायला दिलं. मंडळाच्या कचेरीत माणसं तीनच, आणि त्यांत ट्रेवा सगळ्यांत जुनी. तिने पत्र वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "गॉर्डन परत कामावर रुजू झाला का काय?"

मार्लिसने पत्र फाडलं. त्याऐवजी काय करायचं ते मात्र तिला सुचेना. व्हॉलीबॉलच्या दिवसांत संघ हरायला लागला की ती पाटीवर आकृत्या काढायचं थांबवायची आणि एकेका मुलीशेजारी जाऊन बसायची. तेवढंच आठवलं, म्हणून तिने तेवढंच केलं.

मे महिन्यात ती गाडी घेऊन नऊही कॉलेजांत गेली. तक्ते नेले नाहीत, लॅपटॉपही नेला नाही. प्रत्येक संचालकाला तिने एकच विचारलं: हे झालं तर तुमचं काय जाईल? लोकांना आधी वाटलं यात काहीतरी मेख आहे. मग ते बोलू लागले. कोणाकडे सरावाला जागा नव्हती. कोणाची बस आधीच शनिवारभर धावत होती. कोणाचा प्रशिक्षक नोकरी सोडीन म्हणत होता. होल्डन कॉलेजच्या रॉन फायफरने तिचा हात धरून तिला तळघरात नेलं आणि मुलींसाठी असलेली एकुलती एक कपडे बदलायची खोली दाखवली. वरच्या नळातून बादलीत पाणी ठिबकत होतं. "इथे आणखी पंधरा पोरी कुठे कोंबू, सांगा," तो म्हणाला. तिच्या चाळीस तक्त्यांत ही बादली कुठेच नव्हती. तिला लाज वाटली, आणि गंमत म्हणजे परतीच्या वाटेवर बरंही वाटलं. विरोध करणारी माणसं आडमुठी नव्हती, अडलेली होती.

सेंट लुडमिला तिने शेवटी ठेवलं होतं. ती पोचली तेव्हा कुचेरा कुस्तीच्या खोलीत एकटाच मॅट पुसत होता. संचालक झाल्यावरही हे काम त्याने कोणाला दिलं नव्हतं. कोपऱ्यात दुसरा पोछा होता. मार्लिसने बूट काढले, पोछा बादलीत बुडवला आणि दुसऱ्या टोकाकडून पुसायला लागली.  मधे एकदा त्याने फक्त सांगितलं की पाणी जास्त होतंय, पिळून घ्या.

दोघं मधल्या वर्तुळाशी भेटले तेव्हा तिने तोच प्रश्न विचारला. कुचेराने आधी जागेचं कारण सांगितलं, मग बसचं. मग तो पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला.

"पोरींची कुस्ती फ्रीस्टाइल असते. वेगळे नियम, वेगळे गुण. मी आयुष्यभर आपली कॉलेजची कुस्ती शिकवली, समोरच्याला खाली दाबून धरायची. या खोलीत मला आजवर कोणी असं काही विचारलं नाही की ज्याचं उत्तर मला येत नव्हतं. उद्या अठरा वर्षांची पोर येऊन विचारेल, याचे गुण किती? मी काय सांगू?"

मार्लिसने त्याची समजूत घातली नाही. ती म्हणाली, "मलाही नाही येत, डेल. मी एक शनिवार ठरवतेय. मत नाही, ठराव नाही, करंडक नाही. ज्या कॉलेजांत पोरी कुस्ती खेळतात त्या येतील आणि खेळतील. तो शनिवार तुम्ही चालवाल का? मी चालवला तर सगळा गोंधळ होईल."

"होईलच," कुचेरा म्हणाला. पण शनिवार चालवायला त्याने साफ नकार दिला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला, तो तक्रार करायला. तिने कळवलेली तारीख फुटबॉलच्या सामन्यावर येत होती. दोन मॅट पुरणार नव्हत्या, तीन लागतील. वजनं सकाळी साडेसातला घ्यायला हवीत, नऊला नव्हे, नाहीतर मुली उपाशी बसतील. मार्लिस एकेक गोष्ट लिहून घेत गेली आणि प्रत्येकीला हो म्हणत गेली. फोन ठेवताना कुचेरा गुरगुरला की एवढं सगळं सांगून तिच्या डोक्यात शिरणार नाही, त्यापेक्षा तोच बघेल.

उन्हाळाभर तो बघत राहिला. त्याने तारीख बदलली, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार धरला. जागा बदलून स्वतःचं जिम दिलं. कार्यक्रमातून मार्लिसचं स्वागताचं भाषण त्याने उडवलं, कारण भाषणाने अंग थंड पडतं. ट्रेवाने तिला विचारलं की मग कमिशनर म्हणून तू नेमकं काय करणार आहेस. "खुर्च्या लावणार आहे," मार्लिस म्हणाली. आणि तिने त्या खरंच लावल्या. त्यातही कुचेराने दीडशे पुरे म्हणून सांगितलं. जिम अर्धं रिकामं दिसलं तर पोरींचा हिरमोड होईल.

त्या शनिवारी सकाळी शेतांवर पांढरं दव गोठलं होतं आणि आकाश लख्ख होतं. साडेनऊला दीडशे खुर्च्या भरल्या. दहाला शेजारच्या चर्चच्या सभागृहातल्या खुर्च्या आणल्या, त्याही भरल्या. लांबलांबच्या गावांतून आज्या, काका, तान्ही बाळं कडेवर घेतलेल्या आया, शाळेतल्या लहान पोरींचे अख्खे संघ आले होते. दाराशी चर्चच्या बायकांनी कोलाचे, म्हणजे जर्दाळू आणि खसखस भरलेले गोड पाव, मांडले होते, पलीकडे मोठ्या पातेल्यात खिमा-राजम्याची चिली रटरटत होती आणि तिच्याबरोबर खायला दालचिनीचे रोल होते. मार्लिसने खुर्च्या वाहता वाहता दोन रोल संपवले. कुचेराबरोबर विरोधात मत दिलेले बाकीचे चारही संचालक आले होते. त्यांना तिने बोलावलं नव्हतं, कुचेराने बोलावलं होतं, आणि फायफरला तर त्याने गुणफलकाशी कामालाच बसवलं होतं.

कुचेरा स्वतः पंच होता. एका मनगटाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी, गळ्यात शिट्टी. खिशात फ्रीस्टाइलच्या नियमांचं पुस्तक, त्याला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. ऑगस्टमध्ये तो दोन दिवस पंचांच्या वर्गाला बसून आला होता, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

एकतीस मुली आल्या होत्या, त्यामुळे एक उरत होती. यारेत्झी ओल्वेरा, सर्वांत जड गटातली, अडीच तासांचा प्रवास करून आलेली. तिच्या वजनाची दुसरी कोणी नव्हती. ती भिंतीशी टॉवेल गळ्यात टाकून बसली होती आणि तिची आई, धाकटे भाऊ समोर वाट पाहत होते. कुचेराच्या हे ध्यानात आलं. तो तीन मॅटच्या मधून वाट काढत एकेका प्रशिक्षकाकडे गेला. शेवटी बिर्गिट आमोट नावाची, तिच्याहून वीस पौंडांनी हलकी आणि नुकतीच एक कुस्ती जिंकून दम खात बसलेली मुलगी मिळाली. कुचेराने आधी दोन्ही प्रशिक्षकांना विचारलं, मग त्या दोघींना. बिर्गिट म्हणाली, "ती आली आहे ना? मग खेळू."

त्या दिवशीची खरी कुस्ती ती झाली. बिर्गिट चपळ होती. दोनदा तिने यारेत्झीचे पाय ओढून तिला खाली आणलं आणि एकदा वर्तुळाबाहेर रेटलं. पाच-शून्य. लोक हलक्या मुलीच्या बाजूने ओरडत होते, ओल्वेरांचं कुटुंब एकटंच दुसऱ्या बाजूने. शेवटची वीस सेकंदं उरली असताना यारेत्झीने तिला कमरेत मिठी घातली, उचललं, आणि गिरकी घेऊन मॅटवर अशी आपटली की सगळं जिम उभं राहिलं. वेळ संपली.

कुचेराने हात वर केला आणि तो हात तसाच हवेत राहिला. किती बोटं दाखवायची, त्याला आठवेना. गुणफलकाशी फायफर वाट बघत होता. मार्लिसच्या हातात एक खुर्ची होती, ती तिने खाली ठेवली. कुचेराने खिशातल्या पुस्तकाकडे हात नेला, मग तो तिथेच थांबला आणि समोर धापा टाकत उभ्या असलेल्या दोघींकडे वळला.

"पोरींनो," तो म्हणाला, "याचे गुण किती?"

"चार," दोघी एकदमच म्हणाल्या.

पाच-चार. कुस्ती बिर्गिटची झाली, आणि आपल्याला आपटणारीचे चार गुण तिने स्वतः सांगितले होते. कुचेरा हसायला लागला. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. यारेत्झी हसली, बिर्गिट हसली, आणि हसू खुर्च्यांच्या रांगांमधून मागे मागे पसरत दारातल्या चर्चच्या बायकांपर्यंत गेलं. यारेत्झीने बिर्गिटला पुन्हा उचललं, या वेळी खांद्यावर, आणि मॅटभोवती फिरवलं.

जानेवारीतली बैठक सेंट लुडमिलातच भरली. मार्लिसने सांगायचं ते आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. मेमधल्या नऊ भेटींत जे जे अडत होतं त्यासाठी तोड काढली होती. शेजारशेजारच्या दोन कॉलेजांनी एक बस वाटून घ्यायची, ज्यांना जागा नाही त्यांना आणखी एक वर्ष सवलत. ठराव कुचेराने मांडला. बोलला तो एवढंच, की त्याला तीन मॅट पुरत नाहीत, पुढच्या वर्षी चार लागतील. आठ विरुद्ध एक असा ठराव मंजूर झाला. फायफरने विरोधात मत दिलं आणि कारणही सांगितलं. खोली तीच आहे, बादली तीच आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत तो पोरींना खोटी आशा दाखवणार नाही. मार्लिसने ते कारण इतिवृत्तात शब्दशः लिहायला सांगितलं, आणि होल्डनच्या अध्यक्षांना भेटायला तिने आणि फायफरने मिळून जायचं, असं ठरवून टाकलं.

दुपारी गॉर्डनचा फोन आला. एवढी मतं कशी खिशात घातलीस, असं त्याने खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.  मार्लिस म्हणाली की खिशात नाही घातली, ज्याची त्याच्याकडेच होती. गॉर्डनने पुढच्या स्पर्धेसाठी दोन चांगल्या खुर्च्या राखून ठेवायला सांगितलं. त्याची नात या वर्षी शाळेच्या संघात आली होती.

पाच वाजता चर्चच्या सभागृहात सगळ्यांना जेवण होतं. भाजलेलं बदक, कणकेचे मऊ उकडलेले गोळे, आंबवलेला कोबी. ताटं उचलली गेली तशी एका म्हाताऱ्याने अकॉर्डियन काढला आणि पोल्का नाच सुरू झाला. कुचेरा मार्लिससमोर येऊन उभा राहिला.

"चल, मार्लिस."

"मला नाही येत, डेल."

"मग शीक. मी नाही का शिकलो, या वयात."

तिने दोनदा त्याचा पाय तुडवला, तिसऱ्यांदा त्याने तिचा. ट्रेवा टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या गाण्यापर्यंत मार्लिसचे केस सुटले होते आणि तिला धाप लागली होती, पण पाय आपोआप पडत होते. तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा रॉन फायफर हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवत त्यांच्यापाशी आला आणि आता आपली पाळी आहे का, असं कुचेराला विचारू लागला. कुचेराने तिचा हात त्याच्या हातात दिला. फायफर कुचेरापेक्षा बराच चांगला नाचत होता.