काचेच्या पेटीतले केस

विहाराच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काचेच्या पेटीत ठेवलेल्या लुआंगपो, म्हणजे पूज्य बाबा, थोंगदींच्या देहावरची वस्त्रं वर्षातून एकदाच बदलतात. मरून चार वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यावर बोटभर केस वाढतात म्हणे, ते बघायला आसपासची सगळी गावं लोटली होती.

हा भिक्खू हयात असताना अर्धं गाव त्याला अर्हत, म्हणजे मुक्ती मिळालेला संत, म्हणायचं आणि अर्धं लुटारू. विहाराला दान मिळालेल्या जमिनी त्याच्या पुतण्यांच्या नावावर गेल्या होत्या. पण केस वाढू लागले आणि त्यापायी कोर्टात गेलेली माणसंही हात जोडून रांगेत उभी राहिली.

"पाप्याचे केस वाढतात का हो कधी?" विहाराचा कारभारी सुरसाक कर्ण्यावरून विचारत होता. "हे केस धुतलेलं पाणी प्या. मधुमेह पळेल, संधिवात पळेल, ऐकत नसेल तर सासूसुद्धा पळेल."

लोक हसले आणि बाटल्या पुढे केल्या.

पिकुलला शिसारी आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. मढं फॉर्मेलिनमध्ये मुरवलेलं आहे, हे तिच्या नाकाला दारातच कळलं होतं. तेच पाणी पिऊन तिच्या आईनं, चांतानं, इन्सुलिन बंद केलं होतं आणि पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

"आई, आपले भिक्खू पौर्णिमेला काय काय भादरतात गं?"

"डोकं आणि भुवया. एवढंही ठाऊक नाही तुला?"

"मग यांच्या भुवया का नाही वाढल्या?"

चांता काचेला नाक लावून बघत राहिली. भुवयांची जागा गुळगुळीत होती. बिनभुवयांचे भिक्खू बघण्यात सुरसाकचा जन्म गेलेला, त्याला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

पेटी उघडली. सुगंधी पाणी शिंपडायची पाळी आली तेव्हा पिकुलनं स्पिरिटचा बोळा मढ्याच्या कानामागे घासला. डिंक सुटला आणि खोट्या केसांच्या टोपाची अख्खी पट्टी जाळीसकट तिच्या हातात आली.

"पोरी, नरकात जाशील," सुरसाक म्हणाला.

"जाईन. तिथं तुमची गाठ पडेलच."

चांताचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी मढ्याचं पाणी पीत होते?"

"मढ्याचं आणि डिंकाचं."

एवढं बघूनही निम्म्या रांगेनं बाटल्या खाली ठेवल्या नाहीत. किळस येते ती याचीच. माणूस संत होता की लुटारू, हे त्याच्या वागण्यावरून ठरवा, केसांवरून नव्हे. आजारपण डॉक्टरला दाखवा. आणि डोळ्यांना खटकेल ते मोठ्यानं विचारा. चांताचा पाय वाचला, अंगठा मात्र कापावा लागला. भुवया नाहीत, हे तर सगळ्यांनाच दिसत होतं.