दादाचा आवाज

दादा बसस्थानकावर घोषणा करायचा. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला. तेव्हा स्थानकातल्या कॉम्प्युटरवाल्या मित्राने त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगांवरून त्याच्या आवाजाचं एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा संच, तयार केलं आणि घरच्या मशीनवर बसवून दिलं. दादाने टाइप करायचं, मशीनने त्याच्याच आवाजात बोलायचं. वहिनी स्वयंपाकघरातून त्याच्याशी पूर्वीसारखीच हुज्जत घालू लागली.

पुढे तो मित्र वारला. स्थानकातली रेकॉर्डिंगंही नवी यंत्रणा आली तेव्हा पुसली गेली.

दादाच्या धाकट्या बहिणीचं पोटच सॉफ्टवेअरवर. रविवारी ती भावाकडे आली, तर मशीन रखडत होतं.

"डिस्क गच्च भरलीय, दादा. किती अडगळ साठवलीस."

"राहू दे," दादाचा आवाज आला. "चालतंय ना."

"दोन मिनिटांचं काम आहे. तू चहा पी."

पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून तिने जुनं एक पॅकेज काढायची आज्ञा दिली, आणि त्याच्यासोबत आता दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला लागत नाहीत ती सगळी जोड-पॅकेजंही. काय काय जाणार ती नावं पडद्यावर भराभर सरकली. खाली प्रश्न आला, पुढे जायचं का? ऑफिसात रोज दाबायची तसं तिने 'वाय', म्हणजे हो, दाबलं. तिचं अर्धं लक्ष वहिनीच्या बोलण्यात होतं.

मशीन चुटकीसरशी पळू लागलं. दादाने काहीतरी टाइप केलं. खोलीत आवाज उमटला नाही.

धाकटीने पडदा वर सरकवून गेलेली नावं वाचली. बोलणारा प्रोग्राम त्या जुन्या पॅकेजवरच चालत होता; त्याच्याबरोबर तोही गेला होता, आणि मागोमाग आवाजाचं पॅकेजही. प्रोग्राम तिने लगेच परत बसवला. आवाजाचं नाव टाकलं, तर उत्तर आलं : असं पॅकेज सापडत नाही. सापडणार कुठून? ते जगात या एका मशीनवरच होतं.

पुसलेल्या जागेवर आणखी काही लिहिलं जाऊ नये म्हणून तिने मशीन तडक बंद केलं. डिस्क घेऊन ती पुसलेल्या फायली काढून देणाऱ्याकडे गेली. त्याने हाती दिले ते नुसते तुकडे, एकही उघडेना.

"मला तरी कधी सुचलं का, त्याचा आवाज फोनमध्ये भरून ठेवायचं?" वहिनी म्हणाली. ती धाकटीवर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटी धाकटीने तयार मिळणारा एक आवाज बसवला. दादाने ऐकला, भुवया उंचावल्या आणि टाइप केलं, "हा तर बँकेतून फोन करणारा माणूस."

वहिनी हसली. धाकटीला हसू आलं नाही.

"दादा, मी वाचलंच नाही रे. नुसतं वाचायचं होतं."

दादाने बोटं कळांवर ठेवली, थोडं लिहिलं, खोडलं. मग तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली.

दादा शब्द ओढून बोलायचा, म्हणून तिने नव्या आवाजाचा वेग कमी करून दिला. त्याने मान डोलावली आणि वहिनीला हाक मारून पाहिली. आतून ओ आली नाही. त्याने पुन्हा हाक मारली.

बऱ्याच वेळाने वहिनी पदराला हात पुसत दारात आली. "तू बोलावत होतास का?" ती म्हणाली. "मला वाटलं, टीव्ही लागलाय."