मी आणि बेकरीवाल्याचा अंगठा

मुळांची शपथ, शेंड्याची शपथ! यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर मला बकरीनं खावं.

मित्रांनो, मी एक जुनी वेल आहे. नाव गुडमार. दिसायला यथातथाच. पानांवर बारीक लव, फुलं तर शोधावी लागतात. शेजारचा गुलाब मला बघून नाक मुरडायचा. मुरडू दे! माझं पान चावा आणि वर साखर खा. तोंडात वाळू! गोडाची चवच गुल. उगाच नाही लोक पिढ्यान्‌पिढ्या मधुमेहावर माझा पाला चघळत आले. एकदा तर मुंग्यांची रांग माझ्या पानांवरून साखरेच्या डब्यात शिरली, आणि थू थू करत माघारी फिरली!

बेकरीमागच्या भिंतीशी मला लावलं बेकरीवाल्याच्या सासूनं. जावयाला मधुमेह, त्यात पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि गोड बंद. नाहीतर अंगठ्यावर पाणी सोडा." पण गडी दिवसभर चमच्यानं क्रीम चाटायचा.

"अहो, चव बघताय की जेवताय?" बायको ओरडायची.

"माझी जीभ म्हणजे बेकरीचा तराजू आहे!"

शेवटी सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारून माझं पान खुडलं. "जावईबापू, चावा. तराजूला जरा सुट्टी."

त्यानं चावलं आणि विसरला. मग क्रीम चाखलं. फिक्कं! साखर घातली. तरी फिक्कं. आणखी घातली. "वाण्यानं फसवलं मेल्यानं!" म्हणत डबाच उपडा केला.

आणि ते क्रीम गेलं नेमकं डॉक्टरीणबाईंनी मागवलेल्या केकवर! संध्याकाळी त्या खोकं घेऊन हजर. "हा केक आहे की नवे पेशंट गोळा करायचा डाव?"

एव्हाना त्याची जीभ ताळ्यावर आली होती. त्यानं घास घेतला मात्र, डोळे पांढरे झाले. "आई गं! हे मी केलं?" बायको हसून हसून पिठाच्या पोत्यावरच बसली.

सासूबाईंनी नुसता हात पुढे केला. "चमचा."

त्यानं चमच्याकडे पाहिलं, अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं, आणि चमचा गुपचूप बायकोच्या हातात दिला. तेव्हापासून चव ती बघते, मळतो तो. हळूहळू जखम भरली.

"श्रेय गोळ्यांचं आणि पथ्याचं. पानाचं असलंच तर चिमूटभर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिमूटभर तर चिमूटभर! पण त्याच्या हातातला चमचा कुणी सोडवला हो?

म्हणून सांगते, मित्रांनो, मला ओरबाडू नका, मुळाशी तांब्याभर पाणी घाला. आणि माझ्या भरवशावर कुणाची गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मला तोंडातही घालू नका. मी वेल आहे, डॉक्टर नाही.

अगं बाई, कुंपणापाशी ती बकरी कशाला येऊन उभी राहिली? बरं बरं, सांगते! मुंग्यांचं मी रचलं. त्या डब्यातून चांगल्या टम्म होऊन बाहेर आल्या. पण अंगठा खरा आहे. रोज सकाळी चप्पल घालून मला पाणी घालायला येतो. विचारा त्यालाच!