बाईसाहेबांचे हात

“हातमोजे रंगवा की हो! माझं हसं कशाला करताय?” डॉर्कसने दोन्ही हात एप्रनखाली दडवले. या हवेलीत कारभारीण म्हणून तिची वीस वर्षं गेली होती. धुण्याच्या खाराने बोटांना भेगा पडल्या होत्या.

चित्रकार विक्स्टेडलाही तेच हवं होतं. तो मालकांकडे वळला. “साहेब, नाजूक हात मला पाठ आहेत. कुठलेही चढवतो. या बाईंचे म्हणजे...” पुढचं त्याने गिळलं.

चित्रात बाईसाहेबांचा चेहरा रंगवून झाला होता, हात राहिले होते. आणि हिवाळ्यात तापाने बाईसाहेबच गेल्या. त्यांचे यजमान थॉर्निक्रॉफ्ट मालक तेव्हा रोमला होते. जुन्या मूर्तींचं त्यांना भारी वेड. पेट्या भरभरून संगमरवर आणत. व्यापाऱ्यांनी टोप्या घातल्या नाहीत असं नाही, पण कुठलाही चित्रकार त्यांच्या दारातून उपाशी गेला नव्हता.

“हात डॉर्कसचेच काढा,” मालक म्हणाले. “अंगठ्यावरच्या भाजल्याच्या डागासकट.”

“पण का, मालक?”

“ती गेली तेव्हा मी दगड पारखत बसलो होतो. तिचा हात तूच धरला होतास ना?”

डॉर्कसला रडू कोसळलं. एकवीस रात्री ती उशाशी बसली होती. आजवर कुणी साधं विचारलंही नव्हतं. तिने हात पुढे केले.

उन्हाळ्यात लोक हवेली पाहायला येऊ लागले. त्यांना फिरवून आणायचं काम कारभारणीचंच. त्या चित्रापाशी आली की डॉर्कस हळूच हात एप्रनखाली घेई.

एकदा बाथ शहरातून आलेल्या एका बाईंनी नाक मुरडलं. “चेहरा बघा कसा, आणि हात मोलकरणीचे! चित्रकारानं बिचाऱ्या मालकाला चांगलंच गंडवलंय.”

मालक तिथेच, मूर्तीच्या आड उभे होते. आता ते चित्रातले हात पुसायला लावतील, असं डॉर्कसला वाटलं.

मालक पुढे आले. “बाई, ही व्हीनस देवीची मूर्ती पाहिलीत? हिचे दोन्ही हात मागाहून बसवलेत. त्या मल्लाचेही. माझ्या घरात अस्सल हात एवढेच आहेत.” एवढं बोलून ते खिडकीकडे वळले.

डॉर्कसने एप्रनखालून हात काढले, कमरेचा जुडगा सोडला आणि सावकाश किल्ली शोधली. बाईंची नजर तिच्या अंगठ्यावर खिळली होती. बघू दे, असं मनाशी म्हणत तिने पुढचं दार उघडलं.