उजेडाने ताणला जाणारा पापुद्रा

मित्रांनो, मी एक पापुद्रा आहे, केसाहून कितीतरी पातळ, आणि माझ्याएवढ्याच्या मानाने फार वैतागलेला.

शहापूरच्या कॉलेजात राहीने मला घडवलं. गरगर फिरणाऱ्या अभ्रकाच्या पट्टीवर द्रावणाचा थेंब पडला, पसरला, भट्टीत भाजला, तोच मी. माझ्या अंगात धन आणि ऋण भार आपापली बाजू धरून बसलेले असतात. उजेड पडला की त्यांची ओढाताण बदलते, मी ताणला जातो आणि पट्टी किंचित वाकते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून राही पट्टीवर लाल किरण सोडते आणि तो उलटून भिंतीवर पडला की ठिपका किती सरकतो ते बघते. सरकतो तांदळाच्या दाण्याएवढा. पण दिवा लावताच सरकतो, विझवताच जागेवर येतो.

येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "बस, एवढंच?" ऐकून ऐकून मी विटलो.

सोमवारी राहीची शेवटची परीक्षा होती. बाळंतपणात तिचं एक वर्ष गेलेलं. या खेपेला नापास झाली तर शिक्षण बंद, असं घरात ठरलेलं. म्हणून रविवारी सरावाला तिने मला, दिव्याला आणि लाल किरणाच्या यंत्राला मुरबाडला घरी आणलं.

ती कपडे वाळत घालायला गेली. सासूबाई ठकीबाईंनी तान्ह्या कुणालीच्या गालाला काजळाची तीट लावली आणि तेच बोट माझ्या कोपऱ्यावर टेकवलं. "उद्या चार लोकं बघतील. दिष्ट नको लागाला."

राहीने परत येऊन दिवा लावला. ठिपका चार बोटं सरकला.

"आता कसा," तिचा नवरा अजय म्हणाला. "पास झालीस समज."

अहो, तो मी नव्हतोच. काजळाने उजेड गिळला, ते तापलं आणि त्या धगीने पट्टी तव्यावरच्या पापडासारखी वाकली. जन्मात पहिलं कौतुक झालं, तेही दुसऱ्याच्या कामाचं.

राही मात्र हसली नाही. ठिपका रांगत गेला होता, आणि दिवा विझवल्यावरही रेंगाळत होता. ताप बघायला कुणालीच्या कपाळाला लावते तसा तिने हाताचा मागचा भाग पट्टीजवळ नेला. "ही तापलीय," ती पुटपुटली. मग तिला काळा डाग दिसला.

"राहू दे गो," अजय म्हणाला. "तपासणाऱ्याला काय कळतंय?"

"पुसू नको, अपशकून व्हतो," ठकीबाई म्हणाल्या.

 राहीने कापसाला स्पिरिट लावून डाग पुसला. "आई, कुणालीला लावा हवी तेवढी. हिला नको."

सोमवारी परीक्षक बाईही म्हणाल्या, "बस, एवढंच?"

"हो मॅडम. पण दिवा विझवून बघा."

बाईंनी विझवला, लावला, पुन्हा विझवला. ठिपका दर वेळी तत्काळ जागेवर. "तापून वाकत नाही कशावरून?" त्यांनी विचारलं. राहीने आदला दिवस, काजळाने तापून रेंगाळलेला ठिपका, सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या आणि तिला पास केलं.

आता मी कॉलेजच्या कपाटात, डबीत, अंधारात आहे. पाहुणे आले की माझ्याविषयी सांगतात. दार कोणी उघडत नाही. मित्रांनो, एखाद्याचं थोडं असेल तर त्याला फुगवू नका, आणि थोडं म्हणून कोंडूनही ठेवू नका. कधीतरी थोडा उजेड येऊ द्या. ठिपका दाण्याएवढाच सरकेल, पण सरकवणारा मी असेन.