पडद्यावरची माय

नीळकंठच्या कादंबरीवरचा बोलपट खामगावच्या टॉकीजला लागला, तेव्हा बायकांसाठी दुपारचा वेगळा खेळ ठेवला होता. नीळकंठ तिथल्याच शाळेत मास्तर. त्यानं पिंपळगाव राजाहून आईला, सुभद्राबाईला, सर्व्हिस मोटारीनं बोलावून घेतलं. बापाला, किसनरावांना, बोलावलं नाही. अकरा वर्षं तो त्यांच्याशी बोलत नव्हता.

सुभद्राबाईला वाचता येत नव्हतं. पुस्तकात आपल्या तानूची कथा आहे, एवढंच तिच्या कानावर होतं. तानू तिची थोरली लेक, डोणगावला दिलेली; वासंती धाकटी.

पडद्यावर एक मुलगी पाठीवर वळ घेऊन माहेरी आली. फेटा बांधलेल्या बापानं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आई त्याच्या पायांवर लोळण घेत होती. बापानं तिला लाथेनं दूर सारलं आणि दार लावून घेतलं. पुढं त्या मुलीनं विहीर जवळ केली.

टॉकीजभर बायका मुसमुसत होत्या. शेजारची अनोळखी बाई डोळे पुसत म्हणाली, "बापच कसाई. मायनं बिचारीनं काय करावं?"

सुभद्राबाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तानू खरोखर आली, त्या दिवशी किसनराव घरी नव्हतेच, वावरात निंदण चालू होतं. तानू ओट्यावर टेकली, तिनं पाणी मागितलं. पाणी सुभद्राबाईनंच दिलं आणि तांब्या परत घेता घेता म्हणाली, "वासंतीची सोयरीक ठरून राह्यली. लोक काय म्हणतीन? चार दिस सोस अन् जाय परत." तानूनं वाद घातला नाही. पदर सारखा करून उठली. आठव्या दिवशी डोणगावहून माणूस तानू गेल्याचा निरोप घेऊन आला.

तेव्हा शिकायला बाहेरगावी असलेला नीळकंठ धावत घरी आला. "तिले परत कोणं धाडलं?" त्यानं विचारलं. "तुह्या बानं," सुभद्राबाईच्या तोंडून निघून गेलं. किसनराव तिथंच भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. त्यावर नवराबायकोत पुढं कधी शब्द झाला नाही.

खेळ सुटल्यावर नीळकंठच्या बिऱ्हाडी सूनबाईनं, शैलजानं, चहा ठेवला. सुभद्राबाईनं कपाला हात लावला नाही.

"नीळकंठ, तुहे बा घरी नव्हते त्या दिवशी."

"कोणत्या दिवशी?"

"तानू आली त्या. मीच धाडलं तिले. तुले खोटं सांगितलं मी."

नीळकंठनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बांनी मले काऊन नाही सांगितलं?"

"मी सांगाले पाहिजे होतं."

"पुस्तक मी बदलीन. बोलपट कसा बदलू? अकोल्याले लागला, अमरावतीले लागला. गावोगाव लोकं बांच्या तोंडावर थुंकून राह्यले."

टोपी घालून तो बाहेर पडला. मोटारीपर्यंत पोचवायला शैलजाच आली.

किसनराव अंगणात दोर वळत बसले होते. "कसा होता बोलपट?" त्यांनी विचारलं.

"मी नीळकंठाले सांगून टाकलं."

त्यांचे हात थांबले. "काऊन? अकरा वर्सं मी झेललं, ते कायच्यासाठी? पोराले बाप नव्हता, माय तरी होती."

महिन्याअखेर नीळकंठ आला. बापाच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ तसाच राहिला. पिकापाण्याचं बोलला, बापाच्या पंक्तीला बसून जेवला. सुभद्राबाई वाढत होती; ताटातून त्यानं मान वर केली नाही. निघताना "येतो बा" म्हणाला, आणि तिच्यासमोरून गेला.

हिवाळ्यात तो बोलपट तंबूतून गावच्या बाजारालाही आला. किसनरावांनी घराबाहेर पडणं सोडलं. आळीतल्या बायका मात्र सुभद्राबाईपाशी येऊन बसू लागल्या. कुणी तिचा हात हातात घेई, कुणी तिच्यासाठी रडे. ती येईल तिला सांगे, "त्यायनं नाही बाई, मी धाडलं तिले. त्यायचा काही दोष नाही."

तानूच्या वयाची सत्यभामाबाई उठता उठता दुसरीला म्हणाली, "पाह्य, इतकं होऊनही नवऱ्याले सावरून घेऊन राह्यली."

दुसरीनं मान डोलावली, आणि सुभद्राबाईच्या पाया पडली.